तैलरंगांतील युगुल

आलिंगनांत असलेल्या स्त्रीपुरुषांचें चित्र एखाद्या ग्रंथांत समोर आलें कीं बहुतेक घरांत दोन प्रकारचीं माणसें दिसून येतात. कांहीं जण लगबगीनें पान उलटतात. आणि कांहीं जण घरांत कोणी नसतांना तेंच पान पुन्हां उघडतात. दोघांच्याही हातून चित्र पाहावयाचें राहून जातें. पहिल्यानें तें पाहिलेंच नाहीं, आणि दुसऱ्यानें चित्रांतील दोन देह पाहिले, चित्र पाहिलें नाहीं. कारण अशा चित्रांत देहांनीं व्यापलेली जागा पुष्कळदां थोडीच असते. उरलेल्या जागेंत आकाश असतें, झाडें असतात, पाणी असतें, वारा असतो. आणि तीं दोघें सुखांत आहेत कीं भयांत, भेटत आहेत कीं दुरावत आहेत, हें चित्रकार त्या उरलेल्या जागेकडून वदवीत असतो. तैलरंगांना ही गोष्ट विशेष साधते. ती कां साधते, आणि नांदेड-लातुराकडील माणसास ती समजून घेण्यासाठीं परमुलखांतून आरंभ कां करावा लागत नाहीं, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं, ही मोठीच अडचण खरी. परंतु तिचा एक लाभही आहे. कानांनीं चित्र पाहणारास घाईनें पान उलटतां येत नाहीं.

आरंभ निलंग्यापासून करावा. लातूर जिल्ह्यांतील या गांवीं नीलकंठेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. त्याची मांडणी तारकाकृति असून त्यास तीन गाभारे आहेत. शिवलिंग आणि विष्णु यांच्याबरोबर तेथें हरगौरीची मूर्ति आहे, आणि या देवळाची कीर्ति मुख्यतः तिच्यामुळें आहे. शिल्पशास्त्रांत या प्रकारास उमामहेश्वर अथवा आलिंगनमूर्ति असें म्हणतात. शिव बसलेला, त्याच्या डाव्या मांडीवर देवी. त्याचा एक डावा हात तिच्या पाठीमागून वळसा घेऊन पुढें येतो, आणि तिचा उजवा हात त्याच्या खांद्यामागें जातो, अशी या प्रकाराची सर्वसामान्य ठेवण असते. अशा मूर्तीपुढें हात जोडतांना सासूसुना एकमेकींच्या शेजारीं उभ्या असतात आणि कोणाचीही मान संकोचानें खालीं जात नाहीं. तेंच आलिंगन कागदावर उतरलें म्हणजे मात्र घर अस्वस्थ होतें.

तीं देवदेवता आहेत म्हणून संकोच वाटत नाहीं, हें उत्तर खरें असलें तरी अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें उत्तर पाषाणांत आहे. त्या दोघांभोंवतीं ऋतु नाहीं, प्रहर नाहीं. पायाशीं वाहन असेल, कडेनें परिवारदेवता असतील, मागें प्रभावळ असेल. परंतु मेघ दाटून आलेले नाहींत, सांजही झालेली नाहीं. ज्या आलिंगनास वेळ नाहीं तें संपणारही नाहीं, असा पाहणाराचा समज नकळत होतो, आणि त्यामुळें मन निश्चिंत राहतें. शिल्पाला सृष्टि लाभते ती उसनी. नांदेड जिल्ह्यांत देगलूर तालुक्यांतील होट्टल येथें चालुक्यकालीन सिद्धेश्वराचें देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरील स्त्रीमूर्ति सकाळच्या तिरप्या उन्हांत एक भाव दाखवितात आणि भर दुपारीं ऊन सरळ आलें कीं त्याच मूर्ति सपाट व अबोल वाटूं लागतात. तेथील ऊन मात्र शिल्पकाराच्या ताब्यांतलें नव्हे. चित्रकार तें ऊनच आपल्या हातीं घेतो.

काव्यशास्त्र शिकलेल्या वाचकांस येथें दोन जुने शब्द आठवतील. शृंगाराचा आधार असलेलीं जीं दोन माणसें, त्यांस आलंबन विभाव म्हणतात. आणि चंद्र, वसंत, पाऊस, उपवन इत्यादि ज्या गोष्टी त्या भावनेस चेतवितात, त्यांस उद्दीपन विभाव म्हणतात. मराठवाड्याला ही दृष्टि पोथींतून उसनी घ्यावी लागलेली नाहीं. गोदाकांठच्या प्रतिष्ठानाचा, म्हणजे पैठणचा, सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतांत आहे, आणि तींतील कितीतरी गाथांत माणसें थोडें बोलतात व शेत, नदी आणि पावसाळा त्यांच्या मनांतलें बोलून जातात. असो. सांगावयाचें इतकेंच कीं, युगुलाभोंवतीं सृष्टि कां रंगवावी हा प्रश्न या भूमींत नवा नाहीं.

आतां भिंतीकडे वळावें. वाशीम येथें सांपडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याच्या ताम्रपटांत ‘नांदीकड’ या प्रदेशाचा उल्लेख आहे, आणि तें नांदेडचें प्राचीन नांव होय असें इतिहासकार मानतात. हा काळ चौथ्या शतकाचा. या राजाच्याच घराण्यांतील, म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेंतील, हरिषेण राजाच्या कारकीर्दींत, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अजिंठ्याचीं पुष्कळशीं उत्तम लेणीं कोरलीं व रंगविलीं गेलीं. तेव्हां अजिंठ्याचीं युगुलें नांदेडकरांस परकीं नव्हेत. सतराव्या लेण्याच्या दारावर एका ओळींत आठ बुद्धमूर्ति रंगविल्या आहेत, आणि त्यांच्या खालच्याच पट्टींत आठ चौकटींतून प्रेमी युगुलें बसविलीं आहेत. भिक्षूंच्या विहाराच्या उंबरठ्यावर हीं चित्रें आहेत, हें विसरूं नये. युगुल हें मंगल चिन्ह मानून दाराशीं ठेवण्याचा प्रघात त्या काळीं सर्व पंथांत होता.

परंतु त्याच व्हरांड्यांत, दाराच्या डाव्या हातास, याहून खोल अर्थाचें एक युगुल आहे. विश्वंतर जातकाची कथा प्रसिद्ध आहे. दानशूर राजपुत्रानें पाऊस आणणारा शुभ हत्ती परराज्यांतील लोकांना देऊन टाकला. प्रजा खवळली आणि राजपुत्रास वनवास आला. चित्रांत मंडपाखालीं आसनावर राजपुत्र आणि त्याची पत्नी मद्री एकमेकांस लगटून बसलीं आहेत. नुसतें पाहिलें तर हा विलासाचा देखावा वाटतो, आणि कित्येक प्रवासी तसेंच समजून पुढें जातात. कथा माहीत असणारास मात्र कळतें कीं, तो तिला वनवासाची वार्ता सांगत आहे आणि ती खचूं नये म्हणून तिला सावरीत आहे. लगेच पुढच्या भागांत तीं दोघें घराबाहेर पडलेलीं दिसतात. म्हणजे हें आलिंगन घर सुटण्याच्या आदल्या क्षणाचें आहे.

आतां चित्रकाराची अडचण पाहावी. अजिंठ्याच्या भिंतीवर मातींत साळीचा भुसा व तंतू मिसळून गिलावा केलेला आहे, त्यावर पांढरा पातळ लेप, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि दुरून आणलेला लाजवर्दी निळा, एवढीच त्याची मुख्य सामग्री. असा रंग लावतां लावतां वाळतो. एक रंग दुसऱ्यांत ओला असतांना हळूहळू विरघळवावा, ही सोय तेथें नाहीं. म्हणून अजिंठ्याचा चित्रकार सर्व भार रेषेवर टाकतो. बोटांची ठेवण, मानेचा कल, अर्धवट मिटलेली पापणी यांतून तो दुःख सांगतो, आणि सांगतो तें अपूर्व सांगतो. परंतु मंडपामागचीं झाडें सुबक आणि शांतच राहतात. मद्रीच्या जिवाचा थरकांप त्या पानांपर्यंत पोंचत नाहीं.

याच चित्रांच्या निमित्तानें तैलरंग या मुलखांत शिरला. मद्रास सैन्यांतील अधिकारी रॉबर्ट गिल यास १८४४ सालीं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यांत आलें. त्यानें पुष्कळ वर्षें लेण्यांजवळ राहून मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिक-प्रासादांत मांडल्या असतां १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि बहुतेक जळून गेल्या. पुढें मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना हिंवाळ्यांत लेण्यांत नेऊन पुन्हां तैलप्रती करविल्या. या विद्यार्थ्यांत पुढें नामांकित झालेले पेस्तनजी बमनजी हेही होते. त्या प्रतीही विलायतेस गेल्या, आणि १८८५ सालीं दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील आगींत त्यांतील शंभराहून अधिक नष्ट अथवा खराब झाल्या. एकाच कामाला दोनदां आग लागावी, याला दुर्दैव म्हणण्यापलीकडे काय म्हणणार! उरलेल्या प्रतींवरून ग्रिफिथ्स यांनीं दोन भागांचा ग्रंथ १८९६ व १८९७ सालीं प्रसिद्ध केला.

या उद्योगाची दुसरीही बाजू आहे. भिंतीवरचीं चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून नकला करणारांनीं त्यांवर व्हार्निश फासलें. पुढें १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं चित्रें सुटूं लागलीं होतीं तीं पक्कीं केलीं. तें काम मोलाचें होतें, परंतु त्यांत वापरलेली चपडी लाख कालांतरानें पिवळी व काळपट पडली. ती काढण्याचें काम पुढें पुरातत्त्व खात्यास फार वर्षें करावें लागलें. जे रंग मुळांत पाण्याच्या जातीचे, त्यांवर लाखेचें किंवा व्हार्निशाचें आवरण घातलें म्हणजे असें होतें. लेडी हेरिंगहॅम यांनीं १९०९ ते १९११ या काळांत नंदलाल बोस प्रभृति तरुण चित्रकारांस बरोबर घेऊन ज्या नकला केल्या, त्या जलरंगांत केल्या. आणि तें योग्यच झालें, कारण रेषेचें चित्र तैलरंगांत उतरविलें कीं देह गोलाईदार होतात, सावल्या जड होतात आणि अजिंठ्याची हलकी रेषा बुडून जाते.

तर मग तैलरंगाचा स्वतःचा धर्म कोणता? मराठवाड्यांतील शेतकऱ्यास तो सांगणें सोपें आहे, कारण त्याचा अर्धा माल त्याच्याच रानांत पिकतो. रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलांत खलली कीं तैलरंग होतो. जवसच कां, भुईमूग कां नाहीं, हा प्रश्न कोणीही विचारील. भुईमुगाचें तेल उघड्या ताटलींत महिनाभर ठेवलें तरी तेलच राहतें. खवट होईल, पण वाळणार नाहीं. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू आपलें रूप पालटतें आणि त्याची चिवट, पारदर्शक पापुद्र्यासारखी कातडी बनतें. पाणी उडून जातें. हें तेल उडून जात नाहीं, जागच्या जागीं घट्ट होतें. जवसाला एक खोड आहे, तें वर्षानुवर्षें पिवळसर होत जातें. म्हणून पांढऱ्या व फिक्या निळ्या रंगांसाठीं पुष्कळदां करडईचें तेल वापरतात. तें कमी पिवळें पडतें. मात्र वाळण्यास अधिक वेळ घेतें आणि त्याचा थर तितका बळकट होत नाहीं. लातूरच्या अडत्यांकडे करडईचीं पोतीं पाहिलेल्या किती जणांना ठाऊक असेल कीं, हेंच काटेरी पीक चित्रांतील आकाशाच्याही कामीं येतें!

कापडावर मात्र हा रंग एकदम लावीत नाहींत. तेलानें कापड कुजतें, म्हणून आधीं सरसाचा हात आणि त्यावर पांढरा लेप द्यावा लागतो. पुढें थरावर थर चढवितांना खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्यांत अधिक असावें, असा नियम आहे. तो मोडला तर वरचा थर आधीं वाळतो, खालचा मागाहून आकसतो, आणि चित्राला उन्हाळ्यांतील काळ्या रानासारख्या भेगा पडतात. घाई करणाऱ्या चित्रकारांचीं चित्रें त्यांच्या हयातींतच तडकतात.

या सावकाश वाळण्यांतच तैलरंगाचें सर्व सामर्थ्य आहे. आज रंगविलेला हात उद्यांही ओला असतो. त्याची कड आणि मागच्या झाडीची सावली हीं कुंचल्यानें एकमेकांत ओढतां येतात. मग हात कोठें संपला आणि अंधार कोठें सुरू झाला हें डोळ्यांस सांगतां येत नाहीं. वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर देऊन सर्व देखाव्यावर एकच संध्याकाळ पसरतां येते. आणि रंग लोण्यासारखा जाड लावला तर कुंचल्याचा फटकारा जसाचा तसा राहतो. चित्रकाराचा हात कोठें थबकला, कोठें वेगानें गेला, हें शंभर वर्षांनींही दिसतें. अजिंठ्याच्या पानांपर्यंत जो थरकांप पोंचला नाहीं, तो येथें पोंचवितां येतो. मात्र साधन हातीं आलें म्हणजे तें वापरलेंच जातें असें नाहीं.

राजा रविवर्मा यांचें उदाहरण घ्यावें. बडोद्याच्या गायकवाड सरकारसाठीं त्यांनीं १८८८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत चौदा पौराणिक तैलचित्रें केलीं. त्यांत अर्जुन-सुभद्रा, शंतनु-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका अशीं युगुलें आहेत. १८९४ सालीं त्यांनीं मुंबईस छापखाना काढला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्यांच्या चित्रांच्या रंगीत छापील प्रती खेडोपाडींच्या घरांत पोंचल्या. अर्जुन सुभद्रेस जवळ ओढूं पाहतो आणि ती लज्जेनें दूर वळते. वस्त्राची चमक, दागिन्यांचा कस, त्वचेची कांति, सर्व कांहीं तैलरंगानेंच साधावें असें आहे. परंतु त्या दोघांमागचें उपवन पाहिलें तर तें संगीत नाटकाच्या पडद्यासारखें वाटतें. सुंदर आहे, प्रसंगास शोभणारें आहे; पण सुभद्रा तेथून निघून गेली तरी तें उपवन तसेंच राहील. काव्यशास्त्राच्या भाषेंत तें उद्दीपन आहे, त्याहून अधिक कांहीं नाहीं. रविवर्म्यांस दूषण देण्याचा यांत हेतु नाहीं. त्यांना कथा सांगावयाची होती, आणि ती त्यांनीं घरोघर पोंचविली.

सृष्टि ही नुसती चेतविणारी न राहतां स्वतःच भाव होऊन जाते, असें चित्र पाहावयाचें तर युरोपांत जावें लागतें. तेथें या शतकाच्या आधींच्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे १९०५ च्या सुमारापासून, जी अभिव्यक्तिवादी चित्रपद्धति जर्मन भाषेच्या मुलखांत उदयास आली, तिचा आग्रहच असा होता कीं, जग जसें दिसतें तसें नव्हे, तर मनाला जसें भासतें तसें रंगवावें. ऑस्कर कोकोश्का हा या पद्धतीचा ऑस्ट्रियन चित्रकार. त्याचा जन्म १८८६ चा. १९१२ सालीं व्हिएन्ना शहरांत त्याची गांठ आल्मा मालर हिच्याशीं पडली. प्रसिद्ध संगीतरचनाकार गुस्टाफ मालर याची ती विधवा, वयानें कोकोश्काहून सात वर्षांनीं वडील. दोघांचें प्रेम विलक्षण तीव्र आणि तितकेंच अशांत होतें. १९१३-१४ मध्यें त्यानें आपलें आणि तिचें युगुल रंगविलें. चित्र सुमारें सहा फूट उंच आणि सव्वासात फूट रुंद आहे. त्याचें जर्मन नांव ‘विंड्सब्राउट’. शब्दशः अर्थ वाऱ्याची नवरी, आणि जुन्या जर्मन भाषेंत तो वादळाचा, वावटळीचा शब्द आहे. चैत्र-वैशाखांत काळ्या रानांतून उठणारी, पाचोळा आणि धूळ गरगर फिरवीत नेणारी वावटळ ज्यांनीं बांधावरून पाहिली आहे, त्यांना हें नांव समजावून सांगण्याची गरज नाहीं.

श्रोत्यांनीं क्षणभर डोळे मिटावे. निळ्या, हिरव्या आणि फिकट पांढऱ्या रंगांचे जाड फटकारे वळसे घेत चहूंकडून फिरत आहेत. तें पाणी आहे कीं ढग, कीं वस्त्राच्या चुण्या, हें ठरवितां येत नाहीं. मागें डोंगरांचा भास होतो. त्या भोंवऱ्याच्या मध्यभागीं, नावेसारख्या किंवा शिंपल्यासारख्या पोकळींत, तीं दोघें पहुडलीं आहेत. खालीं जमीन नाहीं. स्त्री झोपलेली आहे. तिचें मस्तक पुरुषाच्या खांद्याशीं विसावलेलें, चेहरा शांत. तिच्या देहावरचे फटकारे मऊ आहेत. पुरुष जागा आहे. त्याचे डोळे उघडे, नजर तिच्याकडे नाहीं, कोठेंतरी दूर शून्यांत. त्याचा देह तुटक, खडबडीत फटकाऱ्यांनीं बनविलेला आहे. भोंवतालच्या वादळाचे आणि त्याच्या मांसाचे फटकारे एकाच जातीचे आहेत. वादळ त्याच्याबाहेर आहे तितकेंच त्याच्या आंत आहे.

आणि त्याचे हात? युगुलाच्या चित्रांत हात प्रथम पाहावे. हरगौरीच्या मूर्तीत शिवाचा हात देवीभोंवतीं असतो. अजिंठ्याचा राजपुत्र मद्रीला सावरीत आहे. या पुरुषाचे हात मात्र एकमेकांतच गुंतलेले आहेत. गांठाळ बोटें एकमेकांना धरून आहेत. ती त्याच्या कुशींत आहे आणि तरीही तो तिला धरूं शकत नाहीं. एवढी एकच गोष्ट ध्यानांत आली कीं, हें चित्र शृंगाराचें आहे म्हणून लाजणें किंवा त्यांत शृंगार शोधणें या दोन्ही गोष्टी सारख्याच निरर्थक वाटूं लागतात. तें भयाचें चित्र आहे. हातीं आलेलें निसटणार, याचें भय.

सोळाव्या शतकांत रूप गोस्वामी यांनीं वैष्णव रसशास्त्र रचतांना विरहाचे जे प्रकार सांगितले, त्यांत ‘प्रेमवैचित्त्य’ नांवाचा एक आहे. प्रिय व्यक्ति सन्निध असतांनाच प्रेमाच्या अतिरेकानें तिच्या वियोगाचें दुःख होणें, असा त्याचा अर्थ. व्हिएन्नाच्या चित्रकारास हा शब्द ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच्या चित्राला याहून नेमकें नांव युरोपांतील टीकाकारांनाही सांपडलें नसतें.

त्याचें भय खरें ठरलें. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. संबंध तुटत आला होता. चित्राच्या आलेल्या पैशांतून कोकोश्कानें घोडा घेतला आणि तो घोडदळांत दाखल झाला. १९१५ सालीं पूर्व आघाडीवर त्याच्या डोक्यास गोळी लागली आणि फुप्फुसांत संगीन शिरली, तो वांचला. त्याच वर्षीं आल्मानें वास्तुशिल्पी वाल्टर ग्रोपिउस याच्याशीं विवाह केला. चित्र पुढें हांबुर्गच्या कलासंग्रहालयांत गेलें. १९३७ सालीं नाझी सरकारनें अशा कलेस ‘भ्रष्ट कला’ ठरवून संग्रहालयांतून हजारों चित्रें उचललीं, त्यांत तेंही होतें. कित्येक कलाकृति नाहींशा झाल्या. हें चित्र परदेशीं विकावयास निघालें आणि १९३९ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहराच्या कलासंग्रहालयानें तें विकत घेतलें. आजही तें तेथेंच आहे. ज्यांनीं तें भिंतीवरून उतरविलें त्यांनीं अश्लीलतेपेक्षां दुबळेपणाचा आरोप अधिक केला असता; त्यांना विजयी पुरुष हवा होता, आणि हा तर रात्रभर जागा राहणारा, घाबरलेला पुरुष. गिलच्या आणि ग्रिफिथ्सच्या प्रती आगीनें नेल्या. येथें माणसांनींच आग होण्याचें मनांत आणलें होतें.

बाझलला जाणें बहुतेकांस घडणार नाहीं. तें चित्र छापील स्वरूपांत पाहावें लागेल, आणि छपाईंत तैलरंगाचा जीव असलेली जाडी नाहींशी होते. बोटभर उंचावलेला फटकारा आणि खरवडून पातळ केलेला रंग कागदावर सारखेच सपाट उमटतात. म्हणून अशी प्रत पाहतांना फटकाऱ्यांची दिशा डोळ्यांनीं मागोवा घेत पाहावी. ते स्त्रीजवळ येतांना मंदावतात आणि पुरुषाजवळून जातांना तुटतात, एवढें तर छपाईंतही टिकतें. चित्रकला शिकविणाऱ्या शिक्षकांनीं मुलांसमोर प्रथम हात झांकून चित्र दाखवावें, नंतर हात उघडे करून भोंवताल झांकावा. मुलें स्वतःच उत्तर देतील. लाजण्यास त्यांना फुरसत होणार नाहीं.

निलंग्याचें देऊळ लातुराहून एका दिवसांत पाहून परत येण्यासारखें आहे. गाभाऱ्यांत उजेड थोडा, तेव्हां डोळे सरावेपर्यंत थांबावें आणि शिवाचा डावा हात कोठून निघून कोठें येतो तें शोधावें. अजिंठ्यास जाणारांनीं लक्षांत ठेवावें कीं लेणीं सोमवारीं बंद असतात. सतराव्या लेण्याच्या आंत प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो. मद्री मात्र बाहेर व्हरांड्यांत आहे, आणि आंत शिरण्याच्या गर्दींत लोक तिच्याजवळून तसेच निघून जातात.